टायमर बॅकग्राउंडला चालू कसा ठेवायचा? बहुतेक वेळा ठेवायची गरजच नसते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड ॲप करण्याचं साधन) अभ्यासासाठी २५ मिनिटांचं काउंटडाउन ॲप केलं आहे. दर सेकंदाला पीरिऑडिक टायमरचा कॉलबॅक (टायमरने बोलावलेलं फंक्शन) येतो आणि तो 'उरलेले सेकंद' या व्हेरिएबलमधून एक वजा करतो. स्क्रीन चालू असेपर्यंत सगळं ठीक. फोन लॉक करून वीस मिनिटांनी उघडला की आकडा जवळपास तिथेच असतो, आणि शेवटची घंटा ॲप उघडल्यानंतर कधीतरी वाजते. आता यावर आयसोलेट (समांतर चालणारा कोडचा वेगळा भाग) वापरावा, वेकलॉक (प्रोसेसरला झोपू न देण्याची मागणी) घ्यावा की फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत मागे चालू राहणारी सेवा) लावावी, असं तुम्ही विचारता आहात.

मी बरीच वर्षं टायमर, अलार्म आणि व्यायामाची ॲप्स करतो आहे, आणि टीममध्ये नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. तुमच्या तिन्ही पर्यायांमागे एकच समजूत आहे: वेळ मोजायची तर आपला कोड सतत पळत राहिला पाहिजे. ती समजूत आधी सोडा. फोनचं घड्याळ तुमच्या ॲपविनाही चालूच असतं, त्याला फक्त किती वाजले ते विचारायचं असतं.

काउंटडाउनमध्ये खरं तर तीन वेगळी कामं असतात. वेळ कधी संपणार हे लक्षात ठेवणं, किती उरला ते दाखवणं, आणि संपला की वापरणाऱ्याला कळवणं. तुमच्या कोडमध्ये ही तिन्ही कामं एकाच टायमरच्या गळ्यात आहेत, म्हणून तो झोपला की तिन्ही झोपतात.

आधी तो का झोपतो ते पाहू. आयफोनवर ॲप मागे गेलं की थोड्याच सेकंदांत सिस्टीम ते सस्पेंड करते. ॲप मेमरीत असतं, पण त्याच्या एकाही ओळीला प्रोसेसर मिळत नाही. हातातलं काम आटोपायला जादा वेळ मागता येतो, पण आयओएस १३ पासून तो साधारण ३० सेकंदांचाच असतो. अर्धवट राहिलेलं सेव्हिंग किंवा अपलोड पुरं करण्यासाठी ती सोय आहे, २५ मिनिटं मोजण्यासाठी नाही. अँड्रॉइड टप्प्याटप्प्याने कडक होत गेलं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आलं: फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन बराच वेळ हललेला नाही, तर सिस्टीम नेटवर्क, जॉब आणि साधे अलार्म रोखून धरते. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने मागच्या मागे चालणाऱ्या सर्व्हिसवर मर्यादा आणल्या. अलीकडच्या आवृत्त्यांत तर मागे गेलेली प्रोसेस (म्हणजे ॲपचा चालू असलेला कोड) सरळ गोठवली जाते.

आता तुमचे पर्याय. आयसोलेट त्याच प्रोसेसमध्ये राहतो, त्यामुळे प्रोसेस गोठली की तोही गोठतो. वेकलॉक अँड्रॉइडवर प्रोसेसर जागा ठेवतो, पण तुमची प्रोसेस जिवंत राहील याची हमी देत नाही, आणि एक वजाबाकी करण्यासाठी २५ मिनिटं प्रोसेसर जागा ठेवणं हा बॅटरीवर अन्याय आहे. फोरग्राउंड सर्व्हिस कधीकधी खरंच लागते. त्याकडे नंतर येतो, कारण तुमच्या ॲपला ती लागत नाही.

करायचं असं. 'सुरू' दाबल्याक्षणी संपण्याची वेळ काढा, आत्ताची वेळ अधिक २५ मिनिटं, आणि ती डिस्कवर साठवा. उरलेला वेळ कुठेही साठवू नका. जेव्हा दाखवायचा असेल तेव्हा संपण्याच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करा. ॲप सस्पेंड झालं, सिस्टीमने मारलं, वापरणाऱ्याने पुन्हा उघडलं, तरी वजाबाकीचं उत्तर बरोबरच येतं. पॉझ केलं तर उलट: संपण्याची वेळ पुसा आणि उरलेले मिलिसेकंद साठवा. पुन्हा सुरू केलं की त्यावरून नवी संपण्याची वेळ काढा. चालू टायमरकडे फक्त संपण्याची वेळ आणि थांबलेल्याकडे फक्त उरलेला वेळ. दोन्ही एकदम साठवलं की कधीतरी ती दोन एकमेकांशी विसंगत होतात आणि कोणतं खरं हे कोडला कळत नाही.

टिक, म्हणजे टायमरचे ठोके, मोजण्यात आणखी एक दोष आहे, तो स्क्रीन चालू असतानाही असतो. डार्ट या फ्लटरच्या भाषेच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे की पीरिऑडिक टायमरला फार उशीर झाला तर मधले टिक 'हुकले' असं धरलं जातं आणि त्यांचा कॉलबॅक येतच नाही. म्हणजे एखादी जड स्क्रीन काढताना युआय (स्क्रीनवरचं दिसणं) तीन सेकंद अडकला, तर तुमच्या हिशोबातले सेकंद कायमचे गेले. टिक हा फक्त 'आता स्क्रीन पुन्हा काढ' एवढंच सांगण्यासाठी वापरा.

दाखवण्याच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे, आणि ती वापरणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खुपते. समजा टायमर २५:०० ला सुरू झाला आणि पहिला टिक १.००३ सेकंदांनी आला. उरले १४९८.९९७ सेकंद. हे खालच्या पूर्णांकात नेलं तर १४९८, म्हणजे २४:५८. स्क्रीनवर २५:०० वरून थेट २४:५८, मधलं २४:५९ गायब. शेवटी उलट त्रास होतो: ००:०० दिसतं, पण घंटा आणखी जवळजवळ एक सेकंद वाजत नाही. म्हणून काउंटडाउनमध्ये नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायचं. १४९८.९९७ चे १४९९, म्हणजे २४:५९, आणि ००:०० दिसतं ते नेमकं वेळ संपल्यावर. पुढचा टिकही डोळे मिटून एका सेकंदाने लावू नका. आकडा बदलायला आणखी ९९७ मिलिसेकंद आहेत, तर तेवढ्याने लावा. किंवा दर २०० मिलिसेकंदांनी बघा आणि आकडा बदलला तरच स्क्रीन काढा. मला दुसरी पद्धत आवडते, कारण तिच्यात चुकायला जागा कमी आहे.

'आत्ताची वेळ' कोणत्या घड्याळाची, हा यातला खरा अवघड भाग. फोनमध्ये एकापेक्षा जास्त घड्याळं असतात. एक भिंतीवरचं, म्हणजे तारीख-वेळेचं. ते रीस्टार्टनंतरही टिकतं, पण वापरणारा सेटिंगमध्ये जाऊन ते पुढेमागे करू शकतो आणि नेटवर्कही ते दुरुस्त करतं. दुसरं, फोन सुरू झाल्यापासून मोजणारं. त्याला कोणी हात लावू शकत नाही, पण रीस्टार्ट झालं की ते शून्यापासून सुरू होतं. यातही दोन जाती आहेत. अँड्रॉइडवर 'अपटाइम मिलिस' फोन गाढ झोपेत गेला की थांबतं, 'इलॅप्स्ड रिअलटाइम' झोपेतही मोजत राहतं. आयओएसवर 'माख ॲब्सोल्यूट टाइम' झोपेत थांबतं, 'माख कंटिन्युअस टाइम' थांबत नाही. स्विफ्टमध्ये याच जोडीला सस्पेंडिंग क्लॉक आणि कंटिन्युअस क्लॉक म्हणतात. चुकीची जात घेतली तर टेबलावर फोन जागा असेपर्यंत सगळं बरोबर दिसतं आणि खिशात गेला की चुकतं.

अभ्यासाच्या टायमरला मी साधं तारीख-वेळेचं घड्याळ घेईन, युटीसीमध्ये (जगभर एकच असलेली वेळ), मिलिसेकंदांत. टाइम झोन बदलला तरी त्याला फरक पडत नाही. कोणी मुद्दाम घड्याळ पुढे केलं तर त्याचाच टायमर लवकर संपेल, त्यात तिसऱ्याचं नुकसान नाही. जिथे ते चालणार नाही तिथे अँड्रॉइडवर मी सुरुवातीला तीन आकडे साठवतो: तारीख-वेळ, इलॅप्स्ड रिअलटाइम आणि फोन किती वेळा बूट झाला तो आकडा, जो अँड्रॉइड ७ पासून सिस्टीम सेटिंगमध्ये मिळतो. परत आल्यावर बूटचा आकडा तोच असेल तर इलॅप्स्ड रिअलटाइमवर विश्वास ठेवायचा, बदलला असेल तर तारीख-वेळेवर.

आता घंटा. तुमचं ॲप झोपलेलं असणार हे गृहीत धरायचं आणि वाजवण्याचं काम आधीच सिस्टीमवर सोपवून ठेवायचं.

आयफोनवर याचा अर्थ लोकल नोटिफिकेशन. 'सुरू' दाबल्यावर संपण्याच्या वेळेचं नोटिफिकेशन शेड्यूल करायचं, पॉझ किंवा रद्द केलं की काढून टाकायचं. वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केलं तरी ते येतं. मर्यादा तीन. एका ॲपची जास्तीत जास्त ६४ नोटिफिकेशनं रांगेत राहतात, आवाजाची फाइल ३० सेकंदांपेक्षा लांब चालत नाही, आणि फोन सायलेंटवर असेल तर आवाज येत नाही. शेवटच्या अडचणीवर आयओएस २६ मध्ये अलार्मकिट आलं आहे. वापरणाऱ्याची परवानगी घेऊन ते सायलेंट आणि फोकस दोन्ही ओलांडून वाजवतं, आणि काउंटडाउन हा त्याचा अधिकृत उपयोग आहे. जुन्या आवृत्त्यांसाठी नोटिफिकेशनचा मार्ग मात्र ठेवावाच लागेल. बॅकग्राउंड टास्क शेड्यूलरच्या नादी लागू नका, त्यातलं काम कधी चालवायचं हे सिस्टीम तिच्या सोयीने ठरवते. मूक ऑडिओ वाजवत ठेवून ॲप जागं ठेवण्याची युक्ती इंटरनेटवर फिरते, तीही नको. बॅकग्राउंड ऑडिओ ज्या कामासाठी आहे त्याच कामाला वापरा असं ॲपलच्या रिव्ह्यूच्या नियमांत आहे, आणि त्यावर ॲप नाकारलं जातं.

अँड्रॉइडवर हेच काम अलार्म मॅनेजर करतो. साधा अलार्म सिस्टीम इतरांच्या अलार्मसोबत गोळा करून उशिरा वाजवते, म्हणून डोझमध्येही वाजणारा अचूक अलार्म हवा. वर्कमॅनेजर, म्हणजे मागची कामं सवडीने करून घेणारी अँड्रॉइडची सोय, यासाठी नाही. त्यात नेमक्या वेळेची हमी नसते आणि पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कामाचं किमान अंतर १५ मिनिटं आहे. परवानगीकडे नीट बघा. अँड्रॉइड १२ ने अचूक अलार्मसाठी वेगळी परवानगी आणली, आणि अँड्रॉइड १४ पासून बहुतेक नव्याने इन्स्टॉल झालेल्या ॲपना ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन द्यावी लागते. अँड्रॉइड १३ मध्ये 'यूज एक्झॅक्ट अलार्म' ही दुसरी परवानगी आली. ती इन्स्टॉल होतानाच मिळते, पण प्ले स्टोअर ती फक्त अलार्म, टायमर आणि कॅलेंडरच्या ॲपना वापरू देतं. तुमचं ॲप टायमरचंच आहे, तेव्हा तुम्ही या दुसऱ्या गटात बसता. याशिवाय अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवण्याचीही परवानगी विचारावी लागते. ती पहिल्यांदा 'सुरू' दाबल्यावर विचारा, ॲप उघडताक्षणी नको. तेव्हा 'वेळ संपली की कळवण्यासाठी' हे कारण समोरच्याला दिसत असतं.

तुमच्या ॲपला लागू पडणारा एक खाचखळगा आहे. फोन डोझमध्ये असताना वर सांगितलेला अचूक अलार्म एका ॲपला ९ मिनिटांतून एकदाच वाजवता येतो, असं अँड्रॉइडच्या दस्तऐवजात आहे. २५ मिनिटांनंतर ५ मिनिटांची विश्रांती ठेवली, आणि पहिल्या घंटेला कोणी फोनला हात लावला नाही, तर विश्रांती संपल्याची घंटा लांबू शकते. अशा ठिकाणी मी 'अलार्म क्लॉक' प्रकारचा अलार्म लावतो. त्याला ही मर्यादा नाही, आणि बदल्यात सिस्टीम स्टेटस बारमध्ये घड्याळाचं चिन्ह दाखवते. फ्लटरच्या लोकल नोटिफिकेशनच्या पॅकेजात शेड्यूल करताना हे दोन्ही मोड निवडता येतात, त्यासाठी नेटिव्ह कोड लिहावा लागत नाही.

फोन रीस्टार्ट झाला की अँड्रॉइड सगळे अलार्म विसरतं, म्हणून बूट पूर्ण झाल्याचा सिग्नल ऐकून साठवलेल्या वेळेवरून ते पुन्हा लावावे लागतात. वापरणाऱ्याने सेटिंगमधून 'फोर्स स्टॉप' केलं तरीही ते जातात, आणि तिथे तुम्ही काही करू शकत नाही. काही कंपन्यांचे फोन अलीकडच्या ॲपच्या यादीतून सरकवलेलं ॲपही जवळपास तसंच थांबवतात. अशा फोनवर बॅटरीच्या बंधनातून ॲप वगळायला सांगणारी एक साधी सूचना ॲपमध्ये ठेवा. आणि नोटिफिकेशन चॅनेलचा (अँड्रॉइडवर एका प्रकारच्या नोटिफिकेशनांचा गट) आवाज आधीच विचार करून ठरवा, कारण नोटिफिकेशन चॅनेल एकदा तयार झालं की त्याचा आवाज कोडमधून बदलता येत नाही.

लॉक स्क्रीनवर पळणारे आकडे हवेत म्हणून लोक सर्व्हिस लावतात, त्याचीही गरज नाही. अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनला क्रोनोमीटर लावून उलटं मोजायला सांगता येतं. संपण्याची वेळ एकदा दिली की आकडे सिस्टीमच हलवते. आयफोनवर आयओएस १६.१ पासून लाइव्ह ॲक्टिव्हिटी (लॉक स्क्रीनवर चालू माहिती दाखवणारी पट्टी) आहे. तिथेही वेळेची मर्यादा दिली की मजकूर आपोआप उतरत जातो. एक ॲक्टिव्हिटी ८ तासांपर्यंत चालू राहते, तेवढं अभ्यासाला पुरेसं आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग, म्हणजे फोरग्राउंड सर्व्हिस खरंच कधी लागते. व्यायामाचा टायमर घ्या: ४० सेकंद व्यायाम, २० सेकंद विश्रांती, अशा ८ फेऱ्या. प्रत्येक बदलाला आवाज हवा, 'तीन, दोन, एक' हवं. दर वीस-चाळीस सेकंदांच्या घंटा अलार्म मॅनेजरवर सोपवण्यात अर्थ नाही. इथे फोरग्राउंड सर्व्हिस आणि वेकलॉक रास्त आहे, कारण वापरणाऱ्याला ॲप चालू असल्याचं माहीत आहे आणि तेच हवं आहे. आयफोनवर सतत सूचना ऐकवणाऱ्या ॲपला बॅकग्राउंड ऑडिओ रास्त आहे. अँड्रॉइड १४ पासून सर्व्हिसचा प्रकार सांगावा लागतो, आणि 'टायमर' नावाचा प्रकार नाही. तुमचं ॲप खरोखर काय करतं, त्याप्रमाणे मीडिया, आरोग्य किंवा विशेष उपयोग यातला निवडावा लागतो, आणि प्ले कन्सोलमध्ये त्याचं कारण द्यावं लागतं.

पण सर्व्हिस लावली तरी हिशोब मात्र वेळेवरूनच करा. सुरुवातीपासून २७५ सेकंद झाले असतील तर ६० ने भागून ४ फेऱ्या पूर्ण, बाकी ३५. म्हणजे पाचवी फेरी, व्यायामाचा भाग, ५ सेकंद शिल्लक. 'सध्याची फेरी' असं व्हेरिएबल वाढवत बसायची गरज नाही. मधेच प्रोसेस मेली आणि पुन्हा उठली तरी ती बरोबर जागी येते.

ऑनलाइन परीक्षा किंवा लिलाव असेल तर फोनच्या कोणत्याच घड्याळावर निर्णय सोडू नका. संपण्याची वेळ सर्व्हरने द्यायची आणि उत्तर वेळेत आलं की नाही हेही त्यानेच ठरवायचं. दाखवण्यापुरता फरक काढून ठेवा: सर्व्हरने सांगितलेल्या वेळेत जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेचा निम्मा भाग मिळवा आणि तो क्षण न बदलणाऱ्या घड्याळाशी जोडून ठेवा. 'नव्या वर्षाला किती दिवस' यासारखं काउंटडाउन आणखी वेगळं. तिथे ठरावीक कालावधी नसतो, एक स्थानिक तारीख-वेळ असते. ती टाइम झोनसह साठवा आणि झोन बदलला की हिशोब नव्याने करा.

ॲप पुन्हा समोर आल्यावर, फ्लटरमध्ये रिझ्यूम्ड ही अवस्था आल्यावर, सगळं साठवलेल्या वेळेवरून नव्याने काढा. वेळ उलटून गेली असेल तर घंटा वाजवू नका, '३ मिनिटांपूर्वी पूर्ण झाला' असं दाखवा. ॲप समोर असतानाच वेळ संपली तर ॲपचा आवाज आणि सिस्टीमचं नोटिफिकेशन दोन्ही एकदम वाजू शकतात. म्हणून प्रत्येक टायमरला एक आयडी द्या आणि 'पूर्ण झाला' हे काम त्या आयडीसाठी एकदाच होईल असं लिहा, मग ते कोणत्याही वाटेने येवो.

तपासताना केबल काढा, हे आवर्जून सांगतो. आयफोनला डीबगर जोडलेला असेल तर सिस्टीम ॲप सस्पेंड करत नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीवर चार्ज होत असेल तर डोझमध्ये जात नाही. म्हणून हा बग विकसकाच्या टेबलावर दिसत नाही आणि वापरणाऱ्याच्या हातात लगेच दिसतो. एडीबीच्या (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आदेश देणाऱ्या साधनाच्या) डंपसिस आदेशाने चार्जिंग बंद असल्याचं भासवून फोनला जबरदस्तीने डोझमध्ये ढकलता येतं, आणि त्याच आदेशाने सिस्टीमकडे तुमचे कोणते अलार्म लावलेले आहेत तेही बघता येतं. टायमर चालू असताना रीस्टार्ट करून बघा, घड्याळ एक तास पुढे करून बघा, परवानगी काढून घेऊन बघा. कोडमध्ये 'आत्ताची वेळ' देणारं फंक्शन बाहेरून द्या, म्हणजे टेस्टमध्ये तुम्ही घड्याळ हवं तिथे नेऊ शकता आणि २५ मिनिटांची चाचणी क्षणात होते. एवढं करूनही एखाद्या विशिष्ट फोनवर घंटा आलीच नाही, तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि डंपसिसमधली तुमच्या अलार्मची ओळ इथेच टाका, पुढचं त्यावरून बघता येईल.